पोकेमॉन पिनबॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम बॉय कलर या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा ‘पोकेमॉन पिनबॉल’ मी शाळेत असताना पहिल्यांदा हातात घेतला. मामेभाऊ सुट्टीत घरी आला होता, त्याच्या बॅगेत ती जाडजूड कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात बसवायची खेळाची डबी, होती. तेव्हापासून हा खेळ सुटलेला नाही. आता माझी भाचरं तो खेळतात आणि मला अडवून अडवून तेच तेच प्रश्न विचारतात. जुन्या वस्तू जमवणारे मित्रही विचारतात. ती सगळी उत्तरं इथे सविस्तर लिहितो आहे.

हा नेमका कोणता गेम?

१९९९ साली निन्टेन्डोने काढलेला. तो बनवला एचएएल लॅबोरेटरी आणि ज्युपिटर या दोन जपानी कंपन्यांनी. जपानमध्ये तो एप्रिल १९९९ मध्ये आला, अमेरिकेत जूनमध्ये आणि युरोपात पुढच्या वर्षी. गेम बॉय कलरसाठी असला तरी त्याआधीच्या रंग नसलेल्या गेम बॉयवरही चालतो. एचएएलला हातातल्या यंत्रावर पिनबॉल बनवायची जुनी सवय होती, १९९३ चा ‘कर्बीज पिनबॉल लँड’ही त्यांचाच. चेंडूचं वजन, त्याचा टप्पा, फ्लिपरचा (चेंडू वर उडवणाऱ्या दांडीचा) फटका या गोष्टी इतक्या छोट्या पडद्यावर खऱ्या वाटतात, त्यामागे हा अनुभव आहे.

यात पोकेमॉनची लढाई असते का?

नसते. पोकेबॉल हाच पिनबॉलचा चेंडू. त्याने टेबलावरचे बंपर (चेंडू उसळवणारे खुंट), खड्डे, गल्ल्या मारत जायचं आणि त्यातून पोकेमॉन पकडायचे, वाढवायचे, पोकेडेक्स म्हणजे पकडलेल्यांची नोंदवही भरायची. पहिल्या पिढीचे बल्बासॉरपासून म्यूपर्यंतचे सगळे १५१ यात आहेत. कार्टून नेटवर्कवर हिंदीतून ज्यांनी ही नावं पाठ केली, त्यांना एकही परकं वाटणार नाही.

मी कधीच पिनबॉल खेळलेलो नाही. जमेल का?

लहानपणी लाकडी फळीवर खिळे ठोकलेला बॅगाटेल खेळला असाल तर अर्धं काम झालं. स्प्रिंग ओढायची, गोळी वर पाठवायची, ती खिळ्यांना आपटत खाली यायची. फरक एवढाच की बॅगाटेलमध्ये गोळी सुटली की आपण नुसतं बघत बसायचं. इथे तळाशी दोन फ्लिपर आहेत आणि चेंडू पुन्हा वर मारता येतो.

एका डावात तीन बॉल मिळतात. तिन्ही गेले की डाव संपला.

बटणं कोणती?

क्रॉस बटणाच्या डाव्या बाजूने डावा फ्लिपर, ए बटणाने उजवा. यांशिवाय टेबलाला धक्का द्यायची बटणं आहेत: डावीकडून, उजवीकडून आणि खालून वर. ती सेटिंगमध्ये हवी तशी बदलता येतात आणि बदलाच, कारण मूळ मांडणीत धक्क्याचं बटण ऐन वेळी अंगठ्याखाली येत नाही. खऱ्या पिनबॉलच्या यंत्राला जास्त हलवलं तर ते फ्लिपर बंद करून शिक्षा देतं. इथे इतक्या वर्षांत माझे फ्लिपर धक्क्यामुळे कधी बंद पडलेले नाहीत. तेव्हा चेंडू दोन फ्लिपरच्या बरोबर मधून खाली येताना दिसला की धक्का द्या. निम्म्या वेळा तरी तो फ्लिपरच्या टोकावर येतो.

माझा बॉल दहा सेकंदांत खाली जातो. काय चुकतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. बाकी सगळं याच्यावर अवलंबून आहे, म्हणून उत्तर थोडं लांबवतो.

नवा माणूस दोन्ही फ्लिपर एकदम आणि सारखे उडवत राहतो. बॉल जवळ आला की टपाटप टपाटप. त्यामुळे दोन गोष्टी होतात. दोन्ही फ्लिपर एकदम वर गेले की मधली फट रुंद होते आणि बॉल सरळ त्यातून जातो. आणि बॉल लागलाच तर तो कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

म्हणून पहिले दोन दिवस पोकेमॉन पकडायचं विसरा आणि फक्त बॉल अडवायला शिका. बॉल डाव्या आतल्या गल्लीतून घरंगळत फ्लिपरकडे येतोय, तेव्हा डावा फ्लिपर आधीच उचलून धरा. बॉल येऊन फ्लिपर आणि भिंत यांच्या बेचक्यात विसावतो. बटण सोडू नका. आता घाई नाही, टेबलाकडे नीट बघा, कुठला दिवा लागलाय, कुठली वाट उघडी आहे ते ठरवा. मग बटण सोडा, बॉल उतारावरून टोकाकडे घरंगळू द्या आणि फटका मारा.

हा फटका कधी मारायचा तेही सांगतो. डाव्या फ्लिपरवर बॉल टोकाशी पोचल्यावर मारलात तर तो उजवीकडे, लांबच्या गल्लीत जातो. बुडाशी असतानाच मारलात तर डावीकडे जातो. उजव्या फ्लिपरचं याच्या उलट. म्हणजे उजवी गल्ली हवी असेल तर डाव्या फ्लिपरचं टोक, आणि डावी हवी असेल तर उजव्याचं. माझ्या भाचीला हे एकदा कळल्यावर तिने त्याच संध्याकाळी तीन पोकेमॉन पकडले. त्याआधीच्या आठवड्यात तिच्या पोकेडेक्समध्ये मिळून दोन होते.

अजून एक युक्ती आहे. वरून वेगाने बॉल फ्लिपरवर आदळतोय, तर काहीच करू नका. फ्लिपर खालीच ठेवा. बॉल त्यावर एक टप्पा घेऊन दुसऱ्या फ्लिपरकडे उडी मारतो आणि त्याचा वेगही मरतो. हात आवरणं कठीण जातं, पण हा टप्पा साधला की बॉल अडवणं सोपं होतं.

पडदा मध्येच बदलतो आणि माझा अंदाज चुकतो. काही उपाय?

गेम बॉयच्या पडद्यावर पूर्ण टेबल मावत नाही, म्हणून ते वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असं दाखवतात. बॉल सीमा ओलांडतो तेव्हा चित्र झटकन बदलतं. उपाय एकच: वरच्या अर्ध्यात असताना बॉल कुठल्या बाजूने खाली निघालाय ते मनात धरून ठेवा, आणि पडदा बदलायच्या आधीच त्या बाजूच्या बटणावर अंगठा तयार ठेवा. आठवड्याभरात सवय होते.

रेड टेबल आधी की ब्लू?

खेळात रेड आणि ब्लू अशी दोन टेबलं आहेत. आधी रेड. वरच्या भागात व्होल्टॉर्बचे तीन बंपर, उजवीकडे तोंड उघडून बसलेला बेलस्प्राउट, डावीकडे डिट्टो. रचना सुटसुटीत आहे आणि उजवी गल्ली स्वच्छ दिसते. ब्लू टेबलावर बंपरच्या जागी शेल्डर, पकडण्याच्या जागी क्लॉयस्टर आणि इव्होल्यूशनसाठी, म्हणजे पोकेमॉनला त्याच्या पुढच्या रूपात वाढवण्यासाठी, स्लोपोक. मला ब्लू जास्त आवडतं, पण तिथे बॉल वर जास्त वेळ भिरभिरतो आणि सुरुवातीला माणूस गोंधळतो.

पोकेडेक्स पूर्ण करायचा असेल तर दोन्ही टेबलं खेळावीच लागतात. पोकेमॉन मिळायची ठिकाणं वेगळी आहेत. पॅलेट टाउन, लॅव्हेंडर टाउन, सीफोम आयलंड्स रेडवर. सेलाडॉन, फुशिया, सॅफ्रन ब्लूवर. इंडिगो प्लॅटो मात्र दोन्हीकडे आहे आणि प्रवासात सगळ्यात शेवटी येतं.

पोकेमॉन पकडायचा कसा?

रेड टेबलावर बॉल उजव्या गल्लीतून वर न्यायचा. प्रत्येक वेळी एक बाण उजळतो. दोनदा झालं की बेलस्प्राउटकडची वाट उघडते. बॉल त्याच्या तोंडात घातला की पकडण्याचा डाव सुरू होतो आणि घड्याळ दोन मिनिटांपासून उलटं चालू लागतं.

टेबलाच्या मधल्या चौकटीत पोकेमॉनचं चित्र असतं, पण ते सहा तुकड्यांनी झाकलेलं. व्होल्टॉर्बच्या बंपरांना बॉल लागत गेला की एकेक तुकडा उघडतो. इथे बॉल वर राहणं महत्त्वाचं, म्हणून फटके बंपरांच्या दिशेने द्या. सहाही उघडले की खुद्द पोकेमॉन खालच्या भागात, फ्लिपरच्या समोरच येऊन उभा राहतो. आता त्याला बॉलने पुन्हा पुन्हा मारायचं. पुरेसे फटके बसले की बॉल उघडतो, पोकेमॉन आत ओढला जातो, आणि बॉल हलत हलत स्थिर होतो. ते बघताना आजही माझा श्वास अडकतो.

बॉल खाली पडला तर पकडण्याचा डाव तिथेच संपतो आणि पोकेमॉन निसटतो. वेळ संपली तरी तेच. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात, पोकेमॉन समोर आल्यावर, घाईने मारू नका. तो फ्लिपरच्या जवळ असतो, बॉल त्याला लागून जोरात परत येतो. एकदा मारा, बॉल अडवा, मग पुन्हा मारा. दोन मिनिटं पुरतात.

मला सारखे पिजी आणि रॅटाटाच मिळतात. दुर्मीळ कधी येणार?

हे अनेकांना माहीत नसतं आणि इथेच खेळ बदलतो. प्रत्येक ठिकाणाच्या दोन याद्या आहेत, एक नेहमीच्या पोकेमॉनची आणि एक दुर्मीळ. उजव्या गल्लीतून दोनदा जाऊन डाव सुरू केलात तर नेहमीची यादी. तिसऱ्यांदा गल्ली पार करून मग आत गेलात तर दुर्मीळ यादी.

म्हणजे दोन बाण लागल्यावर दार उघडं दिसत असतं आणि हात तिकडेच जातो. तेव्हा थांबायचं आणि अजून एकदा उजवी गल्ली मारायची. धोका असतो, कारण चुकून बॉल बेलस्प्राउटच्या तोंडात गेला तर तिसरा बाण राहून गेला. माझा सल्ला असा की नवीन ठिकाणी आधी दोन बाणांवर खेळा, तिथले साधे सगळे पकडून टाका. नंतर फक्त तीन.

इव्होल्यूशन कसं होतं?

डावी गल्ली तीनदा. मग रेडवर डिट्टो बाजूला सरकतो, ब्लूवर स्लोपोककडची वाट खुली होते. आत गेल्यावर यादी येते, त्यातून पोकेमॉन निवडायचा. यादीत फक्त याच डावात पकडलेले असतात. काल पकडलेला चार्मांडर आज वाढवता येत नाही. यावर मुलं हमखास रुसतात. मग टेबलावर ठिकठिकाणी निशाण्या मारून तीन वस्तू गोळा करायच्या. कुणाला अनुभव लागतो, कुणाला दगड. पिकाचूला विजेचा दगड लागतो, हे मूळ खेळ खेळलेल्यांना आठवेल. ज्या पोकेमॉनना वाढवायला मूळ खेळात केबल जोडून मित्राशी अदलाबदल करावी लागे, त्यांच्यासाठी इथे केबलचं चिन्ह येतं.

पोकेडेक्सची भर घालायला हाच जलद मार्ग आहे. डावाच्या सुरुवातीलाच तीन पायऱ्यांचा एखादा पोकेमॉन मिळाला तर दुसरं सगळं सोडून त्याच्या मागे लागा.

दुसऱ्या ठिकाणी कसं जायचं?

रेडवर दोन्ही बाजूंना डिगलेट डोकं वर काढून बसलेत. एकाच बाजूच्या डिगलेटला तीनदा मारा, मग उघडलेल्या वाटेत वेळेत बॉल घाला. ब्लूवर हेच काम पॉलिवॅग आणि सायडक करतात.

पिकाचू कधी बॉल वाचवतो, कधी नुसता बघत राहतो. का?

त्याची वीज भरलेली नसते म्हणून. बॉल टेबलावरच्या फिरकीतून गेला की ती गरगर फिरते आणि विजेचं मीटर भरतं. मीटर पूर्ण भरलं असेल तरच पिकाचू बाहेरच्या गल्लीत आलेला बॉल झटका देऊन परत वर पाठवतो, आणि त्यात मीटर रिकामं होतं.

दुसरी गोष्ट, तो एकाच बाजूला उभा असतो. डावा फ्लिपर दाबलात तर डावीकडे येतो, उजवा दाबलात तर उजवीकडे. बॉल बाहेरच्या गल्लीकडे झुकतोय असं दिसताच त्या बाजूचं बटण दाबा. फ्लिपरचा तिथे उपयोग नसला तरी पिकाचू येऊन उभा राहतो. ही सवय लागली की प्रत्येक डाव लांबतो.

सी-ए-व्ही-ई ही अक्षरं कशासाठी?

तळाच्या चार गल्ल्यांवर एकेक अक्षर आहे. बॉल ज्यातून जाईल ते उजळतं. फ्लिपर दाबला की उजळलेली अक्षरं बाजूला सरकतात, त्यामुळे बॉल विझलेल्या अक्षरावरून जाईल अशी व्यवस्था करता येते. चारही लागली की मधली गुहा उघडते आणि आत सोडतीचं चक्र फिरतं. कधी गुण, कधी जादा बॉल, कधी दोन्ही बाजूंना पिकाचू. दोन्हीकडे पिकाचू मिळाला त्या दिवशी जेवायला हाका मारल्या तरी मी उठलेलो नाही.

बॉलचा रंग बदलतो त्याने पकडणं सोपं होतं का?

नाही, फक्त गुण वाढतात. वरचे तीन दिवे लावले की पोकेबॉलचा ग्रेट बॉल होतो, मग अल्ट्रा, मग मास्टर. ग्रेटला दुप्पट, अल्ट्राला तिप्पट, मास्टरला पाचपट गुण. काही वेळाने बॉल एकेक पायरी खाली येतो.

बोनस स्टेज कधी मिळते?

पोकेमॉन पकडत गेलात की मधले तीन पोकेबॉलचे दिवे भरतात. तिन्ही भरले की मधला खड्डा उघडतो. रेडवर डिगलेट आणि गेंगार, ब्लूवर म्याउथ आणि सील, आणि दोन्हीकडे शेवटी म्यूटू.

माझी लाडकी गेंगारची. स्मशान, थडगी, आणि अंधारात तरंगणारे गॅस्टली नावाचे भुताटकी पोकेमॉन. ते संपले की हॉन्टर येतात. तेही संपले की क्षणभर सगळं शांत होतं आणि मग गेंगार पावलं टाकत पुढे येतो. प्रत्येक पावलाला कार्ट्रिज हातात थरथरते. लहानपणी पहिल्यांदा ती थरथर तळहाताला जाणवली तेव्हा मी गेम बॉय गादीवर टाकून दिला होता. मग हळूच उचलून पाहिलं तर बॉल गेलेला. तेव्हाच कळलं की बोनस स्टेजमध्ये बॉल पडला तरी आपल्या तीनपैकी एक कमी होत नाही, फक्त ती स्टेज संपते. म्हणून तिथे बिनधास्त खेळा.

म्याउथच्या स्टेजमध्ये त्याला मारून नाणी पाडायची आणि ती बॉलने गोळा करायची. म्यूटूभोवती गोल फिरणारे गोळे असतात, ते फोडल्याशिवाय त्याच्यापर्यंत नीट पोचता येत नाही. ही सगळ्यात अवघड. फटके सरळ मधोमध द्या, तिरके दिलेत तर बॉल गोळ्यांना आपटून अंगावर येतो.

म्यू खरंच आहे का, की अफवा?

आहे. पण त्याची वाट लांबची आहे. एकाच डावात म्यूटूची स्टेज दोनदा जिंकायची, प्रवास करत इंडिगो प्लॅटोला पोचायचं, आणि तिथे तीन बाण लावून पकडण्याचा डाव सुरू करायचा. एवढं करूनही तो येईलच असं नाही, पुन्हा नशीब आहेच. आला तरी बाकीच्यांसारखा पकडता येत नाही. त्याला हजाराहून जास्त फटके लागतात आणि तेवढी वेळ घड्याळात नसते.

मी त्याला दोनदा पाहिलंय. पहिल्यांदा गच्चीवर, मे महिन्यातल्या दुपारी, पडद्यावर हाताची सावली धरून. सहावा तुकडा उघडला आणि ती छोटीशी आकृती दिसली. मी मारायचं सोडून बघत राहिलो आणि बॉल खाली गेला. त्याचं वाईट मुळीच वाटलं नाही.

गुण जास्त महत्त्वाचे की पोकेडेक्स?

माझ्या मते पोकेडेक्स. गुण डावाबरोबर संपतात, पकडलेला पोकेमॉन कायमचा नोंदला जातो. आणि पकडत, वाढवत खेळलात तर गुण आपोआप येतात, कारण प्रत्येक बॉल गेल्यावर किती पकडले, किती वाढवले याचे वेगळे गुण मोजले जातात.

मध्येच उठावं लागलं तर?

स्टार्ट दाबून डाव साठवता येतो. पुढच्या वेळी तिथूनच सुरू.

कार्ट्रिज इतकी मोठी का? आणि सेल कशाला?

वरच्या जाड भागात थरथरणारी मोटर आहे आणि तिच्यासाठी एक एएए सेल. सेल नसला तरी खेळ चालतो, फक्त थरथर होत नाही. खेळत नसाल तेव्हा सेल काढून ठेवा. माझ्या एका मित्राच्या कार्ट्रिजमध्ये तो कित्येक वर्षं राहिला, फुटला, आणि पत्र्यांवर हिरवट पांढरा थर बसला. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने हळूहळू घासून तो निघाला, पण एक पत्रा झिजलाच.

नोंदी या सेलवर टिकत नाहीत. त्यांच्यासाठी आत वेगळी, गोल, डाग दिलेली बॅटरी असते. ती संपली की पोकेडेक्स पुसला जातो. बदलताना डाग देणारा जाणकार माणूस गाठा, आणि नोंदी जाणार हे धरूनच चाला.

जुनी विकत घेताना काय बघू?

आधी सेलचं झाकण आहे का ते. मग आतले पत्रे. मग खेळ सुरू करून एखादा पोकेमॉन पकडा, यंत्र बंद करा, पुन्हा चालू करून नोंद राहिली का ते पाहा. मी एकदा ही शेवटची पायरी टाळून घाईत पैसे दिले. घरी आल्यावर कळलं की नोंद राहतच नाही, आणि उघडून पाहिलं तर आतला बोर्डच नकली. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. जपानी कार्ट्रिज आपल्याकडच्या गेम बॉयवरही चालते, त्यामुळे ती घ्यायला हरकत नाही. अक्षरं जपानी असतील एवढंच.

नंतरचा रूबी-सफायर पिनबॉल याहून चांगला आहे का?

२००३ साली गेम बॉय ॲडव्हान्ससाठी तो आला, ज्युपिटरनेच बनवला. पोकेमॉन होएन या पोकेमॉनच्या जगातल्या दुसऱ्या प्रदेशाचे. पडदा आता झटकन बदलत नाही, बॉलबरोबर सरकतो, आणि एवढ्यानेच खेळ खूप सुखाचा होतो. अंडी उबवता येतात, नाणी साठवून दुकानात वस्तू घेता येतात, पिकाचूच्या जोडीला पिचू येतो. कार्ट्रिजमध्ये मोटर मात्र नाही. थरथर हवी असेल तर गेमक्यूबला, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीवर खेळायच्या यंत्राला, गेम बॉय प्लेअर नावाचा जोड लावून खेळावं लागतं.

नवशिक्याला मी तोच देतो. भाचीला मात्र आधी जुनाच दिला होता, कारण गेंगारची पावलं तिच्या तळहाताला जाणवायला हवी होती. तिने यंत्र गादीवर टाकलं नाही. घट्ट धरून ठेवलं आणि विचारलं, “मामा, हा आतून चालतोय का?”